साठ अश्वशक्ती आणि सावळ घाट

१९९८ साली गोव्यातून एक भारतीय स्पोर्ट्स कार बाजारात आली. सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’. दोन दारं, दोनच माणसांची जागा, उघडं टप, आणि सगळं अंग फायबरग्लासचं. आराखड्यामागे फ्रेंच हात होता. इंजिनही फ्रेंचच, रेनोचं, ११४९ सीसीचं. ताकद साठ अश्वशक्ती. तिकडे फ्रान्समध्ये हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगो या घरगुती गाड्यांत बसत होतं; बाजारहाट करायला आणि पोरांना शाळेत सोडायला ते पुरेसं होतं.

आकडा ऐकला की प्रश्न ठरलेला असतो: साठ अश्वशक्तीची कसली स्पोर्ट्स कार? आज कुठल्याही शोरूममध्ये उभी असलेली साधी हॅचबॅक याहून जास्त ताकद घेऊन येते. सरळ रस्त्यावर सिग्नल सुटला की स्टॉर्म मागे पडणार हे उघड आहे. पण गाडी कुठल्या रस्त्यावर तपासायची, हे आधी ठरवायला हवं. माझ्या मते हलक्या स्पोर्ट्स कारची परीक्षा नाशिकहून पेठला जाणाऱ्या रस्त्यावर घ्यावी.

नाशिक जिल्ह्याला आज दोन टोकांचे दोन रस्ते लाभले आहेत. एक समृद्धी महामार्ग. लांबी ७०१ किलोमीटर, कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा. सिन्नर-इगतपुरीच्या बाजूने तो जिल्ह्यातून जातो, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. अशा रस्त्यावर चालवणाऱ्याला करायला फारसं काही उरत नाही. तिथला मोठा धोकाही तोच आहे: एकसुरीपणा, जड होणारे डोळे, तापणारे टायर. मोठं इंजिन तिथे वेळ वाचवतं. आनंद देतं का, याबद्दल मला गंभीर शंका आहे. पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये सुई एका जागी ठेवून बसण्यासाठी स्पोर्ट्स कार लागत नाही.

दुसरा रस्ता पेठचा, राष्ट्रीय महामार्ग ८४८. शहरातला पेठ रोड संपला, रामशेजचा किल्ला मागे पडला, की रस्ता सह्याद्रीच्या रांगांत शिरतो. वाटेत सावळ घाट आहे, कोटंबी घाट आहे. पुढे पेठ, आणि पेठेपलीकडे गुजरात. त्यामुळे वापीच्या दिशेचे ट्रक, एस.टी., पाड्यांवर माणसं नेणाऱ्या जीपा, दुचाकीवर तिघं, सगळे याच दोन पदरांत. पावसाळ्यात इथे कोसळतो तो पाऊस कोकणाला शोभेल असा; नागली आणि भात त्याच्याच भरवशावर. वळणावर माती वाहून आलेली, कडेचा डांबराचा काठ तुटलेला. इथे ताशी १५० चा विचार कुणी करू नये.

मग इथे साठ अश्वशक्ती काय करते? थोडं गणित मांडतो, कारण हा विषय गप्पांत कायम हवेवर सुटतो.

दोन माणसांसकट नऊशे किलो भरणारी एक गाडी धरू. पंधराला एक असा चढ, वेग ताशी ४०. नुसतं वजन वर ओढायला साधारण नऊ अश्वशक्ती लागते. टायरचं आणि हवेचं अडणं धरलं तर दहा-बारा. म्हणजे साठांतल्या पन्नासच्या आसपास शिल्लक. आता वळण घ्या. वीस मीटर त्रिज्येचा हेअरपिन, कोरडं डांबर, बरे टायर: ताशी ४२ च्या आसपास गाडी घसरायच्या सीमेवर येते. तेच वळण ओलं असेल तर ताशी ३२. या सीमेत इंजिनाला स्थानच नाही. साठ अश्वशक्ती असो की सहाशे, त्या वळणावर दोघींची मर्यादा टायरच ठरवतात. सहाशेवाली दोन वळणांमधल्या शंभर-दीडशे मीटरांत पुढे झेपावेल आणि लगेच कडक ब्रेक मारेल. नऊशे किलोच्या गाडीत ब्रेकने जिरवायची ऊर्जा अठराशे किलोच्या गाडीच्या निम्मी. उतारावर तर हा फरक प्रत्येक वळणाला साठत जातो, म्हणून जड गाडीच्या ब्रेकचा जळका वास घाटाच्या पायथ्याशी येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण याच गणितातून आली आहे.

रुंदीचाही विचार करायला हवा, आणि तो फारसा कुणी करत नाही. आपल्या दोन पदरी महामार्गाचा एक पदर साडेतीन मीटरचा. त्यात १.९ मीटर रुंद एसयूव्ही घातली की दोन्ही बाजू मिळून १.६ मीटर उरतात. चालवणारा बापडा समोरून येणाऱ्या ट्रकपासून आरसा वाचवण्यात गुंततो. दीड मीटरच्या आतबाहेरची अरुंद गाडी असेल तर आपल्याच पदरात वळणाची बाहेरची कड धरायची, आत यायचं, पुन्हा बाहेर सोडायची, एवढी जागा मिळते. मधली रेघ न ओलांडता वळण घेता येणं, हे घाटातलं खरं सुख आहे, आणि ते अश्वशक्तीने विकत मिळत नाही.

हे जपान्यांनी फार आधी ओळखलं. तिथल्या छोट्या गाड्यांच्या वर्गात इंजिन ६६० सीसीपर्यंत, रुंदी १.४ मीटरपर्यंत आणि ताकद ६४ अश्वशक्तीपर्यंत, अशी बंधनं होती. या चौकटीत १९९१ साली होंडाने ‘बीट’ काढली आणि सुझुकीने ‘कॅपुचिनो’. वजन दोन्हींचं सातशे ते पावणेआठशे किलो. बीटचं इंजिन आसनांच्या मागे, मागच्या चाकांजवळ. त्याला टर्बो नव्हता, ते ८१०० फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद द्यायचं. खालचे गिअर शेवटपर्यंत ओढले तरी कायद्याने ठरवलेला वेग फारसा ओलांडला जात नाही. गाडीची सगळी ताकद, रोज, साध्या रस्त्यावर वापरता येते. चारशे अश्वशक्तीच्या गाडीत पायाखाली जे आहे त्याचा पाव भागही पेठच्या रस्त्यावर मोकळा सोडता येणार नाही. उरलेला तीन चतुर्थांश नुसता ओझं म्हणून सोबत येतो.

इंग्लंडमध्ये लोटसच्या कॉलिन चॅपमनने सगळं आयुष्य याच विचारावर उभं केलं. १९५७ च्या लोटस सेव्हनचा वंश आजही कॅटरहॅम चालवते. २०१३ मध्ये त्यांनी सेव्हन १६० जाहीर केली: सुझुकीचं ६६० सीसीचं टर्बो इंजिन, ८० अश्वशक्ती, वजन ४९० किलो, आणि टायर फक्त १५५ मिलिमीटर रुंद. इतके अरुंद टायर आपल्या साध्या हॅचबॅकला असतात. ते मुद्दाम आहे. अरुंद टायर कमी वेगात सरकू लागतो, सरकताना आधी सांगतो, आणि चालवणाऱ्याला सावरायला अवधी देतो. माझदाने १९८९ साली एमएक्स-५ आणली तेव्हा तिच्यात १६०० सीसीचं इंजिन होतं, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. पुढे २०१६ मध्ये या गाडीची दहा लाखावी प्रत तयार झाली. दोन आसनांची इतकी खपलेली दुसरी स्पोर्ट्स कार जगात नाही, आणि सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तिची कधीच ख्याती नव्हती.

हलकेपणाची आपल्याकडची कथाही जुनी आहे. स्टॉर्मच्या आधी बेंगळुरूच्या सिपानीने १९८२ मध्ये ‘डॉल्फिन’ बनवली होती, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून. तिचंही अंग फायबरग्लासचं, ८४८ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. कुटुंबाची गाडी म्हणून मारुती ८०० समोर तिचा टिकाव लागला नाही, पण रॅली आणि शर्यतीवाल्यांनी तिला उचलून धरलं, निव्वळ वजन कमी म्हणून.

फायबरग्लासबद्दल थोडं सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण गोव्यासारख्या ठिकाणी स्पोर्ट्स कार बनू शकली ती त्यामुळेच. पोलादी पत्र्याची गाडी बनवायची तर प्रत्येक भागाचा साचा प्रचंड दाबाच्या प्रेससाठी लागतो. त्याचा खर्च लाखो गाड्या विकल्या तरच निघतो. फायबरग्लासचा साचा स्वतःच फायबरग्लासचा असतो. त्याला आतून मेण लावून घोटायचं, वर जेलकोटचा रंगीत थर फवारायचा, तो धरू लागला की काचतंतूंची चटई अंथरायची, ब्रशने रेझिन मुरवायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. वाळलं की साच्यातून अख्खा भाग उचलून घ्यायचा. हे सगळं हाताचं काम. मासेमारीच्या फायबरच्या होड्या याच रीतीने बनतात, आणि खाऱ्या हवेत गंजत नाहीत हा गुण दोन्हीकडे सारखाच कामाचा. बुडबुडा राहिला तर तिथे पुढे तडा जातो. रेझिन जास्त झालं तर भाग जड आणि ठिसूळ. म्हणजे गाडीचं वजन कारागिराच्या हातावर ठरतं. अमेरिकेत १९५३ ची पहिली कॉर्व्हेट अशीच घडली. मोजक्या संख्येने गाडी काढणाऱ्याला जगभर याच कामाने हात दिला.

स्टॉर्मची उणीव कुठे होती, हेही सांगायला हवं. ती वेगात नव्हती. तिचं इंजिन शहरासाठी घडवलेलं होतं: जास्तीत जास्त पीळ २५०० फेऱ्यांवर, म्हणजे खालचा गिअर टाकायचा कंटाळा करणाऱ्यालाही घाट चढवून देणारं. कामाला हे उत्तम. पण बीटच्या इंजिनासारखं वर वर चढत जाण्याचं, शेवटच्या हजार फेऱ्यांत सूर बदलण्याचं त्याच्यात काही नव्हतं. शिवाय इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना वळवायचं आणि ओढायचं ही दोन्ही कामं त्याच दोन टायरवर. साठच अश्वशक्ती मागच्या चाकांना मिळाली असती, आणि इंजिन थोडं बोलकं असतं, तर ही गाडी दुसऱ्या पातळीवर गेली असती. याच पैशात आणखी चाळीस अश्वशक्ती घालण्यापेक्षा तो बदल मोलाचा होता, असं मला ठामपणे वाटतं.

सरळ रेषेतल्या वेगाची एक गरज मात्र मी मान्य करतो. पेठच्या रस्त्यावर चालवणारा ‘टॉप किती’ विचारत नाही, ‘पिकअप कसा आहे’ विचारतो, आणि त्याचा प्रश्न बरोबर आहे. पुढे कापडाच्या गाठोड्यांनी भरलेला ट्रक ताशी ४० ने चालला आहे, क्लीनरने हात दाखवून साइड दिली आहे, समोर मोकळा तुकडा आहे. आता ४० वरून ८० वर किती वेळात जाता येतं, यावर जीव अवलंबून असतो. नऊशे किलोच्या गाडीला, योग्य गिअरमध्ये, साठ अश्वशक्तीत यासाठी सहा सेकंदांच्या आसपास पुरतात. अठराशे किलोच्या गाडीला तेवढ्याच वेळात तेवढंच करायचं तर एकशे वीस अश्वशक्ती हवी. वजन कमी केलं की वेग आपोआप मिळतो, आणि नेमका तिथे मिळतो जिथे त्याची गरज आहे. शून्यापासून शंभरपर्यंतचे सेकंद मोजणारे कॅमेरे हा आकडा दाखवत नाहीत.

आणि एक गोष्ट लपवता येणार नाही. हलकी, बुटकी, फायबरची गाडी ट्रकांच्या गर्दीत दुबळी असते. नव्या गाड्या जड झाल्या त्यात एअरबॅग, दारांतल्या पोलादी पट्ट्या, चेंगरून ऊर्जा शोषणारे पुढचे-मागचे भाग यांचा मोठा वाटा आहे. २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचण्या होतात आणि ते चांगलंच झालं. पण सुरक्षा म्हणजे दोन टन वजन असं समीकरण नाही. २०१५ ची एमएक्स-५ एअरबॅगसकट एक टनाच्या आसपास राहिली. तिच्या अभियंत्यांनी एकेक नटबोल्ट हलका केला, म्हणून.

शर्यतीच्या इतिहासातही हलक्यांचा हिशेब नोंदलेला आहे. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कची १०७१ सीसीची मिनी कूपर एस व्ही-८ इंजिनाच्या फोर्ड फाल्कनच्या पुढे पहिली आली. त्या वेळच्या गुणपद्धतीत छोट्या इंजिनाला सवलत होती हे खरं, तरी बर्फाच्या घाटात ती मोठ्या गाडीच्या जवळपास टिकली नसती तर सवलतीने जिंकता आलं नसतं. रॅली ऑफ महाराष्ट्रच्या निमित्ताने नाशिककरांनीही हे जवळून पाहिलं आहे: मातीच्या वळणावर कुठल्या गाडीने किती धूळ उडवली यापेक्षा कुठली आधी सरळ झाली, यावर वेळ ठरते.

अशा हलक्या गाडीला आपल्या करांच्या चौकटीतही जागा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि पुढे जीएसटीतही ही रेघ राहिली. या मापात छोटी हॅचबॅक बसली, मागे डिकी कापलेली सेडान बसली, उंच केलेली एसयूव्हीही बसली. ११४९ सीसीची, दोन आसनांची, फायबरच्या अंगाची गाडीही बसते. आज १२०० सीसीचं साधं भारतीय इंजिनही ऐंशी अश्वशक्तीच्या आसपास देतं. ते आसनांच्या मागे बसवावं, ताकद मागच्या चाकांना द्यावी, टायर १६५ चेच ठेवावेत, आणि एकूण वजन आठशेच्या वर जाऊ देऊ नये. अशी गाडी कुणी बनवली, तर पहिली चाचणी समृद्धीवर न घेता सकाळी लवकर, ट्रकांची रांग लागण्याआधी, सावळ घाटात घ्यावी.