बॅगेत भरायची हवा

मे महिन्याच्या मध्यात भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याहून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या रेल्वे स्टेशनावर उभा असू शकतो. युरोपच्या सहलींवर जाणारी विदर्भातली कितीतरी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे जातात. हे स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे. डोंगराच्या पोटातून बोगदा खणून १९१२ साली रेल्वे तिथवर पोचवली गेली. इकडे खाप्यात कन्हान नदीच्या काठी पारा ४४-४५ अंशांवर, तिकडे स्टेशनाबाहेर बर्फ आणि पारा शून्याच्या खाली. माणूस तोच, कातडी तीच, मध्ये जवळजवळ पन्नास अंशांची तफावत. आणि शरीराच्या आत? खाप्यातही ३७ अंश, बर्फातही ३७. त्यात दोन अंश इकडे-तिकडे झाले की दवाखाना गाठावा लागतो.

हे ३७ अंश सांभाळायचं बरंचसं काम शरीर स्वतः करतं. जे त्याला जमत नाही ते कापडावर सोपवलेलं असतं. म्हणून परदेशी जाताना बॅगेत काय भरायचं हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटला नाही. कापड नेमकं काय करतं हे एकदा कळलं, की अर्धी बॅग आपोआप रिकामी होते.

खाप्याच्या माणसाला तर यातलं पुष्कळ आधीच माहीत आहे. सावनेर तालुक्यातलं हे गाव विणकरांचं. कोष्ट्यांच्या मागांवर इथे पिढ्यानपिढ्या सुती कापड विणलं गेलं. शिवाय हवामानाचं टोक बघायला इथल्या माणसाला विमानात बसावं लागत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५ अंशांवर उतरला होता. एकाच शहरात चव्वेचाळीस अंशांचा पल्ला!

आधी उन्हाळ्याचं बघू, कारण तो आपल्या घरचा. निवांत बसलेल्या माणसाच्या शरीरात दर क्षणी साधारण शंभर वॅट उष्णता तयार होत असते. ती बाहेर टाकलीच पाहिजे. कातडीचं तापमान ३३-३४ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर उष्णता आपसूक निघून जाते. मेमधल्या नागपुरी दुपारी सगळं उलटतं: हवाच अंगाहून गरम, म्हणजे ती आपल्याला तापवायला बसलेली. तेव्हा सुटकेचा एकच मार्ग उरतो, घामाची वाफ होणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला की तो अंगातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. ओल्या ताटीतून कोरडी हवा गेली, पाण्याची वाफ झाली, हवा गार झाली. अंगावरचं सैल सुती कापड म्हणजे आपली ताटी. कापूस घाम शोषतो, पसरवतो आणि वाळू देतो.

मुंबईला गेल्यावर कूलर का चालत नाही, हे नागपूरकराला माहीत असतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ताटीतलं पाणी जाणार कुठे? सिंगापूर किंवा बँकॉकला पोचलेल्या माणसाच्या अंगात नेमकं हेच होतं. तिथला ३२ अंश हा आकडा वाचून आपण हसतो, आणि उतरल्यावर अर्ध्या तासात सदरा पाठीला चिकटतो. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून गारवाही देत नाही. अशा ठिकाणी कापड कमीत कमी, पातळ आणि झिरझिरीत हवं. कोरड्या उन्हात मात्र कमी कपडे घालणं घातक. तिथे अंग झाकायचं असतं, कारण गरम हवा आणि किरण दोन्ही थोपवायचे असतात. डोक्याला, कानांना दुपट्टा गुंडाळून उन्हात निघणारा विदर्भातला माणूस शास्त्रशुद्ध वागत असतो.

वाळवंटातल्या बेदुइन लोकांचे काळे झगे बघून काही शास्त्रज्ञांना कोडं पडलं होतं. एवढ्या उन्हात काळा रंग कशाला? त्यांनी काळे आणि पांढरे झगे घालून मोजमाप केलं. १९८० साली ‘नेचर’मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला: कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच होती. काळं कापड जास्त तापतं हे खरं, पण झगा सैल असल्यामुळे ती जास्तीची उष्णता आतल्या हवेबरोबर वाहून जाते. रंगापेक्षा कापड आणि कातडी यांच्यामधली जागा मोलाची ठरली. ही मधली जागा लक्षात ठेवा. थंडीचं सगळं रहस्य तिच्यात आहे.

थंडीत स्वेटर ऊब ‘देतो’ असं आपण म्हणतो, पण स्वेटरात ऊब कुठून येणार? ऊब आपलीच, शंभर वॅटची. स्वेटर फक्त हवेला जागच्या जागी धरून ठेवतो. आणि थांबलेली हवा ही उष्णतेच्या वाटेतली फार मोठी अडचण आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकरीचा कुरळेपणा, पिसांचा फुगीरपणा, गोधडीचे थर, या सगळ्यांचं काम एकच: हवेचे लहान लहान कप्पे करायचे आणि त्या हवेला हलू द्यायचं नाही. मला तर हे कळल्यापासून जाकिटाची जाडी म्हणजे विकत घेतलेली हवाच दिसते.

म्हणूनच एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. थरांच्या मध्येही हवा असते, आणि गरज सरली की एकेक थर उतरवता येतो. थंड देशांत हे फार लागतं. रस्त्यावर उणे पाच आणि दुकानात वीस-बावीस अंश, असं दिवसातून दहा वेळा होतं. एकच जाड कोट घातलेला माणूस आत घामाघूम होतो, आणि तोच घाम घेऊन पुन्हा बर्फात जातो.

इथे आपला लाडका कापूस दगा देतो. घाम शोषून धरणं हा त्याचा उन्हाळ्यातला गुण. थंडीत तोच गुण अंगावर येतो. ओलं बनियन कप्प्यातली हवा हाकलून तिथे पाणी बसवतं आणि पाणी ऊब पळवतं. जीन्स म्हणजे तर जाड विणीचं सुती कापड. बर्फात बसून भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही. सहलीचे फोटो काढायला जीन्स घालून बर्फावर लोळणाऱ्या मुलांकडे बघून मला खरोखर काळजी वाटते.

हे सगळं ऐकीव नव्हे तर अंगावर सोसलेलं आपल्याच एका बाईने. १८८३ च्या एप्रिलमध्ये, अठरा वर्षांच्या असताना, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना शिकायचं होतं, आणि आपला पोशाख व आहार न सोडता शिकायचं होतं. सोबत नऊवारी होती. कासोट्याची नऊवारी आपल्या हवेसाठी अप्रतिम: पोटऱ्या मोकळ्या, कंबर मोकळी, वारा खेळता. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात हे सगळं मोकळेपण थंडीला उघडी दारं ठरलं. त्यांच्या खोलीतली शेकोटी नीट चालत नव्हती, धूर कोंडायचा. धूर सोसा किंवा गारठा सोसा. पुष्कळ विचार करून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, आतून परकर घेतला. कंबर झाकली, घोटे झाकले.

आज भौतिकशास्त्राच्या चष्म्यातून त्या निर्णयाकडे बघितलं की नवल वाटतं. साडी सोडली नाही, फक्त तिची घडी बदलली, आणि परकर व साडी यांच्यामध्ये थांबलेल्या हवेचा एक थर पायांभोवती उभा राहिला. त्या १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने गेल्या. वय एकवीस. आज परदेशी निघालेल्या साडीवाल्या आजींना परकराखाली लोकरीची तंग विजार घालता येते. आनंदीबाईंना त्या वेळी असं सांगणारं कोणी भेटलं असतं, तर तेवढा तरी त्रास वाचला असता.

लोकर वेगळी का, हे घोंगडीला विचारावं. भर पावसात मेंढरांमागे उभा असलेला धनगर घोंगडीची खोळ डोक्यावर घेतो. घोंगडी भिजून जड होते, तरी आतला माणूस कुडकुडत नाही. लोकरीचा तंतू वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा आपल्या पोटात घेऊ शकतो आणि वरून ओला लागत नाही. एवढंच नव्हे, ओलावा शोषताना तो थोडी उष्णताही सोडतो. मेंढीच्या अंगावर उगवलेली ही करामत कुठल्याच कारखान्याला अजून हुबेहूब जमलेली नाही. पॉलिएस्टरचा मार्ग निराळा: तो पाणी जवळजवळ पितच नाही, म्हणून रात्री हॉटेलच्या न्हाणीघरात धुतलेला सदरा सकाळी कोरडा मिळतो. थंडीत अंगालगतचा थर या दोघांपैकी एकाचा असावा.

पण कापसाला इतक्यात बाद करू नका. दुसऱ्या महायुद्धात उत्तरेच्या समुद्रात पडलेले ब्रिटिश वैमानिक काही मिनिटांत गारठून मरत. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी त्यांच्यासाठी कापड शोधलं ते कापसाचंच, लांब धाग्याचं आणि विलक्षण घट्ट विणीचं. त्याचं नाव ‘व्हेंटाइल’. कोरडं असताना त्यातून घामाची वाफ बाहेर जाते. पाणी लागताच सुती धागे फुगतात, विणीतली भोकं मिटतात आणि पाणी आत शिरेनासं होतं. उन्हाळ्यात गारवा देणारा आणि बर्फाळ समुद्रात पाणी अडवणारा धागा एकच! फरक फक्त मागावर पडला. धाग्याइतकीच वीण मोलाची असते, हे खाप्याच्या विणकराला कुठल्या संशोधकाने शिकवण्याची गरज नव्हती.

वाऱ्याचाही विचार हवा. अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ पापुद्रा असतो, वारा तो सतत ओरबाडून नेतो. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला उणे वीससारखं लागतं. शिकागोत लेकीकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांनी हा हिशोब आधीच करावा. विणलेला स्वेटर वाऱ्यापुढे चाळणी असतो. त्यावर पातळ, वारा अडवणारं जाकीट पाहिजेच. मेलबर्नला मुलाकडे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तिकडे मेमध्ये हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. आणि तिकडच्या उन्हाळ्यात गेलात तर दुपारचा भाजणारा उत्तरेचा वारा फिरून दक्षिणेचा झाला की थोड्याच वेळात पारा पंधरा-पंधरा अंश कोसळतो.

तर बॅगेत काय? गरम गावांसाठी सुती कपडे, नेहमीचेच. थंडीसाठी अंगालगतचे दोन जोड, म्हणजे एक धुवा, एक घाला. त्यावर एक लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत वर टोपीचं, वारा-पाऊस अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे, लोकरी पायमोजे. पायमोज्यांवर पायमोजे चढवून बूट घट्ट करू नका; घट्ट बुटात हवेला जागा राहत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. बर्फावरचं ऊन डोळ्यांना बाधतं, ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून काळा चष्मा हवाच. आणि घरचा सुती दुपट्टा कधीही विसरू नका. विमानात पांघरूण, उन्हात डोक्याला, वाऱ्यात गळ्याला. बॅगेतल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूला इतकी कामं येत नाहीत.

जाकीट मोठ्या बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. विमानतळाच्या दाराबाहेर पहिली गरज त्याचीच लागते, आणि मोठी बॅग उशिरा आली तरी अडत नाही. आणि मेमध्ये निघायचं असेल तर गरम कपडे डिसेंबरातच घेऊन ठेवा. नागपुरात तिबेटी विक्रेते स्वेटरांची दुकानं मांडतात ती फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात तिथे लोकरीचा मोजाही मिळणार नाही.