विश्लेषण : शेवट गोड, तरी वाचक नाराज का? ‘ट्वायलाइट’च्या अखेरच्या पुस्तकात नेमके काय बिनसले?

२ ऑगस्ट २००८. अमेरिकेतील अनेक पुस्तकांची दुकाने मध्यरात्री खास उघडी होती. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेचे चौथे पुस्तक ‘ब्रेकिंग डॉन’ विक्रीस आले आणि पहिल्याच दिवशी अमेरिकेत १३ लाख प्रती खपल्या. काही दिवसांतच चाहत्यांमधूनच आवाज उठला : पुस्तक दुकानात परत करा! वास्तविक कथेचा शेवट दु:खद नव्हता. नायक-नायिकेचे लग्न होते, मूल होते, दोघे कायमचे एकत्र राहतात. (पुढे कथानक उघड होते. वाचायचे राहिले असेल तर इथेच थांबा.)

आधीच्या तीन पुस्तकांत काय ठरले होते?

बेला शाळकरी मुलगी, एडवर्ड व्हॅम्पायर. त्याच्यासारखे व्हायचे तर आईवडील सुटणार, मूल कधीच होणार नाही, रक्ताची तहान वर्षानुवर्षे छळणार. शिवाय लांडग्याचे रूप घेणारा जिवलग मित्र जेकब दुखावणार. वाचक तीन पुस्तके याच भीतीत गुंतला होता.

चौथ्या पुस्तकात यातले जवळपास सगळेच माफ होते. बेलाला मुलगी होते. तहान पहिल्याच दिवसापासून तिच्या ताब्यात राहते. पोलीसप्रमुख वडील चार्ली घरी येत-जात राहतात. आणि जेकब? नवजात रेनेस्मीला पाहताच तो तिच्याशी जन्माचा बांधला जातो. लांडग्यांच्या या दैवी बंधाला कथेत ‘इम्प्रिंटिंग’ म्हणतात. दोन पुस्तके चाललेले दु:ख एका क्षणात संपते. हा भाग अनेकांना पटला तर नाहीच, किळसवाणाही वाटला. त्यात नवल नाही. शेवटी व्होल्टुरींची फौज चालून येते, शेकडो पाने तयारी होते आणि बोलणी करून फौज परत जाते.

मग असा शेवट का लिहिला?

मेयर यांनीच सांगितल्यानुसार, ‘ट्वायलाइट’नंतर त्यांनी लगेच ‘फॉरएव्हर डॉन’ नावाचा पुढचा भाग लिहिला होता. लग्न, बाळ, जेकबचे इम्प्रिंटिंग हा सांगाडा त्यातच होता. पुढे ‘न्यू मून’ (२००६) आणि ‘इक्लिप्स’ (२००७) ही पुस्तके मध्ये आली. म्हणजे शेवट आधी ठरला, मधला भाग नंतर. मूळ आराखड्यात जेकब बेलाच्या इतका जवळचा नव्हता; मधल्या दोन पुस्तकांनी त्याला दुसरा नायक केले. पायावरचा भार वाढला, छप्पर मात्र जुन्याच मापाचे राहिले.

मेयर यांची बाजूही आहे. मुखपृष्ठावर बुद्धिबळातील पांढरा वजीर आणि मागे लाल प्यादे होते : सर्वांत दुबळी बेला सर्वांत बलवान होते, असा त्याचा अर्थ. लढाई डोक्याने जिंकली जाणार, याचा इशाराही होता. ॲलिस आपली चिठ्ठी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या फाडलेल्या पानावर लिहिते आणि त्या नाटकाचा निकाल युक्तिवादाने लागतो. पण प्यादे वजीर होते ते पूर्ण पट चालून. बेलाला तेवढे चालावेच लागले नाही.

२०१२च्या चित्रपटात ही उणीव भरण्यात आली. त्यात व्होल्टुरींशी घनघोर युद्ध होते, कार्लाइलसह लाडकी पात्रे मरतात, आणि मग कळते की ॲलिसला दिसलेले ते केवळ भविष्य होते. फौज पुस्तकातल्यासारखीच परत जाते, पण तोवर प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागलेला असतो. या चित्रपटाच्या निर्मात्यांमध्ये खुद्द मेयर होत्या.