गाडी रुसली? आधी कान द्या!

समजा दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मामाच्या गावाला, साखरखेर्ड्याला आला आहात. बुलडाणा जिल्ह्यातल्या याच गावाजवळ १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली होती. पण आज सकाळी मामाच्या अंगणात वेगळीच लढाई जुंपली आहे!

आजीला डोळे दाखवायला मेहकरला न्यायचंय. डॉक्टरांनी वेळ दिली आहे. आजी नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसलीसुद्धा. मामा चावी फिरवतो. खर्र... खर्र... खर्र... सेल्फ छान फिरतोय, पण गाडी काही चालू होत नाही. पुन्हा खर्र... खर्र... तोवर शेजारचे काका ओरडतात, "लावा धक्का, पोट्टेहो!"

थांबा! बाह्या सरसावण्याआधी एक विचार करा. धक्का मारल्यावर काय होतं? चाकं फिरतात आणि चाकांबरोबर इंजिन फिरतं. बॅटरी उतरली, सेल्फ फिरेनासा झाला, तर हे ठीक. पण इथे सेल्फ इंजिन फिरवतोच आहे की! जे काम झालंय तेच पुन्हा करून काय उपयोग? म्हणजे कमी आहे ती दुसऱ्याच कशाची तरी.

कशाची? पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात : पेट्रोल, दाबलेली हवा, ठिणगी, आणि हे सगळं अगदी वेळेवर. यातली एक जरी चुकली तरी इंजिन रुसतं.

मामाची गाडी आहे जुनी मारुती ८००. ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. सुरुवातीच्या गाड्यांत कार्बोरेटर असे. धुराबाबतचे नियम कडक झाले, तशी २००० सालापासून तिच्यात इंजेक्शन पद्धत आली. फरक काय? आजी भाजीत अंदाजाने मीठ टाकते आणि मामी चमच्याने मोजून टाकते ना, तसाच! एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे मोजमाप सांभाळायला गाडीत एक छोटा संगणक असतो. सेन्सर त्याला बातम्या पुरवतात आणि तो इंजेक्टरला हुकूम सोडतो. म्हणूनच या गाडीत चोक ओढायची भानगड नाही. पण वीज किंवा बातमी कुठे अडली, की सगळा कारभार ठप्प!

चला तर, मामाच्या मदतीने तपास सुरू करू. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. चावी मात्र मामाच्याच हातात, बरं का!

पहिली गोष्ट, टाकीत पेट्रोल आहे ना? हसू नका. जुन्या गाडीचा काटा कधी कधी खोटं बोलतो.

दुसरी गोष्ट, कान. मामाला सांगा, "मामा, सेल्फ मारू नको, चावी फक्त ऑन कर." आता सगळे चिडीचूप! पेट्रोल ढकलणारा पंप मागे टाकीच्या आतच असतो. चावी ऑन केली की तो दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' असा गुणगुणतो. मागे कोण बसलंय? आजी! तिलाच विचारा. आजी म्हणाली, "नाही रे बाप्पा, मले तं काहीच ऐकू आलं नाही," तर तुम्हीही मागे कान लावून पाहा. खरंच आवाज नसेल, तर पंपापर्यंत वीज पोचत नसेल किंवा पंपच बिघडला असेल. आधी फ्यूज पाहा, मग रिले, मग वायर. पंप सगळ्यात शेवटी, कारण तोच सगळ्यात महाग!

तिसरी गोष्ट, डोळे. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागायला हवा. लागलाच नाही, तर बल्ब गेला असेल किंवा संगणकालाच वीज मिळत नसेल.

चौथी गोष्ट, नाक. सेल्फ मारून मारून पेट्रोलचा वास येतोय? मग प्लग ओले झाले असतील. पाच-दहा मिनिटं थांबा. नंतर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, तर बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल बंद राहतं आणि नुसती हवा आत जाऊन प्लग वाळतात. पण गाडीखाली पेट्रोल ठिबकताना दिसलं, तर चावी बंद करा, सगळ्यांना लांब करा. काकांना बिडीसुद्धा पेटवू देऊ नका!

पंप गुणगुणतोय, दिवा लागतोय, तरी गाडी गप्प? मग ठिणगी पाहावी लागेल. ते काम मिस्त्रींचं, कारण तिथे विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो. ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही बंद, असं निघालं तर ते आधी इंजिन फिरल्याची बातमी देणारा सेन्सर तपासतील. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यायची आणि सेल्फ मारणं तिथेच थांबवायचं. एरवीही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. बॅटरी उतरते, सेल्फची मोटर तापते.

समजा, फ्यूज उडालेला सापडला. चावी बंद करून तेवढ्याच अँपियरचा नवा घाला. 'घूंऽऽ' ऐकू आलं, गाडी चालू झाली, तर शाब्बास! फ्यूज पुन्हा उडाला, तर मात्र तिथे तार किंवा चांदी लावू नका. फ्यूज हा गाडीचा पहारेकरी आहे. तो का पडला हे न शोधता त्याच्या जागी तार घातली, तर वायरिंग पेटू शकतं.

काहीच सापडलं नाही तर? एका कागदावर लिहा : पंपाचा आवाज आला की नाही, दिवा लागला की नाही, वास होता का, सेल्फ कसा फिरत होता. या चार ओळी मिस्त्रींच्या हाती द्या. अंदाजाने आज पंप, उद्या प्लग बदलत बसण्याचा खर्च त्या वाचवतील.

आणि हो, या नादात आजीला विसरू नका! गाडी दुपारीही दुरुस्त होईल, डॉक्टरांची वेळ मात्र निघून जाईल. तिला हाताला धरून मेहकरच्या एस. टी.त बसवा. कोणी फारच आजारी असेल, तर बॉनेट उघडायचंच नाही, सरळ १०८ नंबर फिरवायचा.

शेजारच्या काकांना काय सांगाल? "काका, धक्का नको. सेल्फ फिरतोय. आता फक्त जरा शांत राहा, आम्हाला ऐकायचंय!"