डिस्चार्ज मिळाला! आता सिस्टर आणि मावशींना काय द्यायचं?

बिल भरलं, कागद हातात आले, रिक्षा दारात उभी. तेवढ्यात घरातलं कुणीतरी हळूच विचारतं, "सिस्टरना काही द्यायला हवं ना? किती देऊ?"

यातला 'किती' सोडा आणि 'काय' धरा, म्हणजे अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पैशांचं आधी बोलून घेऊ, कारण खरी अडचण तीच आहे. बाळंतपण झालं की 'खुशी' मागायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी. नातेवाईकही शुभ कामात वाद नको म्हणून निमूट खिशात हात घालतात. पण सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. त्यानुसार नॉर्मल असो वा सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि येण्याजाण्याची गाडी, कशाचेच पैसे लागत नाहीत. त्यामुळे मागून घेतलेली खुशी ही लाचच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही कायद्यात अडकतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर ७ दिवसांच्या आत तक्रार केल्यास संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

कुणी मागितलं नसतानाही नोटांचं पाकीट देऊ नका. सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि भेटवस्तू घेण्यावर त्यांत बंधनं आहेत. तुम्ही प्रेमाने देता, पण उत्तर त्या सिस्टरला द्यावं लागतं. शिवाय शेजारच्या खाटेवरचा माणूस बघत असतो. आपण पाकीट दिलं नाही तर आपल्या पेशंटकडे बघतील का, ही भीती त्याच्या मनात तुम्हीच पेरता. म्हणून काहीही द्यायचं ते डिस्चार्ज झाल्यावर, उघडपणे आणि सगळ्यांना मिळून.

आता पेढे. पेढ्यांना नाव ठेवायचं कारण नाही, पण वॉर्डात ड्युटी पाळ्यांत चालते हे लोक विसरतात. सकाळी ११ वाजता दिलेला बॉक्स दुपारच्या पाळीपर्यंत संपतो. ज्या सिस्टरने रात्री ३ वाजता धावपळ केली, ती तेव्हा घरी झोपलेली असते किंवा डहाणू लोकलमध्ये असते. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, उमरोळी या स्टेशनांवरून ड्युटीला येणाऱ्यांना विचारा. विरारच्या पुढे लोकल मोजक्याच, एक चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. रात्रभर उभं राहून वर हा प्रवास. तेव्हा बॉक्स दोन घ्या आणि एकावर मोठ्या अक्षरात लिहा : 'रात्रपाळीसाठी'. इनचार्ज सिस्टरच्या हातात द्या. मावशी, वॉर्डबॉय मामा आणि सफाईवाले यांनाही त्यातलं मिळू दे, असं तोंडाने सांगा. बेडपॅन कुणी उचललं ते आठवा. बॉक्स बहुतेक वेळा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

गोडच कशाला, असंही आहे. आपल्या जिल्ह्यात डहाणू-घोलवडचा चिकू आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण पिकलेला चिकू वॉर्डात धुवायचा कुठे, कापायचा कुठे? चिकूच्या चिप्सचं बंद पाकीट बरं. घरचा डबा देण्यामागे माया असते, पण दवाखान्यात अनोळखी घरचं खायला लोक कचरतात. बंद पाकीट असलं की तो संकोच राहत नाही. आणि एक साधी गोष्ट : चांगल्या बॉलपेनांचा बॉक्स. हसू नका. सहीसाठी सिस्टरचं पेन घेऊन परत न देणारे आपणच असतो.

आशाताईंचं गणित वेगळं. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो. काम मात्र पाड्यापाड्यावर पायी. वैतरणा खाडीतल्या वाढीव-वैतीपाड्याच्या लोकांनी स्टेशन गाठायला वर्षानुवर्षं रेल्वेचा पूल पायी ओलांडलाय. अशा भागात पावसाळ्यात फिरणाऱ्या बाईला शोपीस देऊन काय उपयोग? मजबूत छत्री किंवा चांगली टॉर्च द्या.

घरी आजीकडे ब्युरोतून येणाऱ्या ताई असतील, तर त्या तुमच्याच घरी कामाला आहेत. तिथे आधी ठरलेली सुट्टी आणि वेळेवर पगार, मग दिवाळीची साडी.

भेट मोठी असेल, म्हणजे पंखा, बाकडं, पाण्याचा फिल्टर वगैरे, तर ती कुणा एकाला न देता संस्थेला द्या. सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते. काय हवंय ते तिथे विचारा आणि पावती घ्या.

फेसबुकवर आभार मानायचे तर जरूर माना, पण सिस्टरला विचारल्याशिवाय तिचा फोटो टाकू नका. मागच्या खाटेवरचा पेशंट तर फोटोत दिसताच कामा नये.

यातलं काहीच जमलं नाही तरी एक गोष्ट फुकटात होते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची : पत्र. करारावरच्या नर्सच्या फाईलला तक्रारी लागतात, कौतुक क्वचितच लागतं. ग्रामीण रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने लिहा. 'सर्व स्टाफचे आभार' एवढ्यावर थांबू नका. असं लिहा :

'माझी आई आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून ४ दिवस दाखल होती. दुसऱ्या रात्री तिला श्वासाचा त्रास झाला, तेव्हा अमुक सिस्टरनी लगेच डॉक्टरांना बोलावलं आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने येऊन पाहिलं. अमुक मावशींनी आईला न कंटाळता साफ ठेवलं. या दोघींच्या कामाची नोंद घ्यावी, ही विनंती.'

नावं आठवत नसतील तर डिस्चार्जच्या आधी विचारून ठेवा. पत्राच्या दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर आवक शिक्का मारून घ्या. तिची झेरॉक्स सिस्टरला आणि मावशींना नेऊन द्या. मावशींना वाचता येत नसेल, तर तिथेच उभं राहून वाचून दाखवा.