आमटी निवायच्या आत

मुलांच्या गावी घर : भाग ९

जुनं घर विकल्यावर कराचं काय, हे गणित या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं. कागद काढून बसलोही होतो. पण सोमवारी मिरजेहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि ते गणित पुढच्या आठवड्यावर गेलं. ताईंनी विचारलेला प्रश्न त्या गणिताच्या आधीचा आहे. तो चुकला, तर पुढचे सगळे आकडे बरोबर येऊनही उपयोग नाही.

ताई निवृत्त शिक्षिका. मुलगा-सून वाकडला राहतात, दोघंही हिंजवडीत नोकरीला, नातू पाच वर्षांचा. मिरजेचं घर विकून जे हातात येईल त्यात वाकडला मनासारखं काही बसत नाही. तळेगाव दाभाड्यात मात्र टू बीएचके बसतो. हवा चांगली, दवाखाने आहेत, लोकल आहे. ताई लिहितात, "आज मध्ये सव्वादोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, ते वीस-बावीसवर येईल. म्हणजे मुलाजवळ आलोच की! याला जवळ म्हणायचं ना?"

ताई, या प्रश्नाचं उत्तर मला तीन वर्षं तळेगावात राहिल्यावर मिळालं. आमची मुलगी पिंपळे सौदागरला. आम्ही तळेगावात भाड्याने राहिलो ते याच हिशेबाने, की लोकलने अर्धा तास, मग पिंपरी स्टेशनवरून रिक्षा. गावाबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. ज्यांची मुलं तळेगावातच आहेत किंवा चाकणच्या कारखान्यांत आहेत, त्यांनी डोळे झाकून तिथे यावं.

आमचे डोळे उघडले ते शेंगोळ्यांनी. नातीला कुळथाचे शेंगोळे फार आवडतात. एका बुधवारी हिने सकाळी शेंगोळे केले आणि मी डबा घेऊन निघालो. घरून स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथे लोकलची वाट, गाडीत घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड करत पिंपरी, पुन्हा रिक्षा, सोसायटीच्या फाटकावर नाव-नंबर लिहिणं. दाराची घंटा वाजवली तेव्हा पावणेदोन तास झाले होते. डबा उघडला तर शेंगोळे रस पिऊन बसलेले, लसणाच्या फोडणीचा वास विरलेला. मुलीने पाणी घालून गरम केले, पण पुन्हा गरम केलेले शेंगोळे फुटतात, पिठूळ होतात. नातीने दोन खाल्ले आणि ताटली सरकवली. दुपारच्या वेळी लोकलमध्ये मोठा खंड पडायचा, म्हणून मी घाईने परतीची गाडी धरली. साडेतीन तासांचा प्रवास आणि नातीजवळ पाऊण तास.

त्यानंतर आम्ही फक्त रविवारी जाऊ लागलो. रविवारी गेलो की मुलगी बेत करायची, जावई बाहेरची कामं बाजूला ठेवायचे, चादरी बदललेल्या असायच्या. प्रेमात काही कमी नव्हतं. पण आम्ही पाहुणे झालो होतो. मिरजेहून वर्षातून दोनदा येणारा पाहुणा आणि तळेगावहून महिन्यातून चारदा येणारा पाहुणा, फरक एवढाच. घरच्या माणसाला बेत लागत नाही. तो पाच मिनिटं येतो, कोथिंबीर देतो, पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि जातो.

तेव्हापासून माझी जवळची व्याख्या ठरली आहे. जिथे फक्त पाच मिनिटांसाठी जावंसं वाटेल आणि जाता येईल, ते जवळ. जायला लागणारा वेळ तिथे थांबण्याच्या वेळेपेक्षा जास्त झाला, की माणूस जायचं टाळतो. यात मायेचा दोष नसतो, अंतराचा असतो.

ही व्याख्या मला एकट्यालाच सुचली असं वाटत होतं. पण या विषयाची पुस्तकं गोळा करता करता इंग्लंडमधले एक डॉक्टर भेटले आणि मला विलक्षण आनंद झाला. डॉ. जे. एच. शेल्डन यांनी वुल्व्हरहॅम्प्टन या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी पाहणी केली आणि ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. म्हातारे लोक मुलांच्या 'जवळ' राहतात का, हे मोजायचं तर जवळ म्हणजे काय ते आधी ठरवायला हवं. शेल्डन यांनी ठरवलं : एका घरातलं गरम जेवण दुसऱ्या घरी पुन्हा गरम न करता पोचवता येईल, तेवढं अंतर. म्हणजे साधारण पाच मिनिटांची चाल. एका वैद्यकीय अहवालात फूटपट्टी म्हणून गरम जेवण यावं! कारण त्यांनी म्हाताऱ्या माणसांची स्वयंपाकघरं पाहिली होती. आईचं घर आणि मुलीचं घर यांच्यामध्ये ताटं कशी फिरतात, हे त्यांना दिसलं होतं.

जपानी भाषेत तर हा वाक्प्रचारच आहे : सूप निवणार नाही इतकं अंतर. एकाच छपराखाली नको, पण लांबही नको, असं ज्या आईवडिलांना आणि मुलांना वाटतं ते असं घर शोधतात. तिथे याला सरकारी जोडही आहे. घरं भाड्याने देणारी त्यांची मोठी सार्वजनिक संस्था आईवडील आणि मुलं दोन किलोमीटरच्या आत राहायला आली, तर नव्याने येणाऱ्या कुटुंबाला पाच वर्षं भाड्यात पाच टक्के सूट देते. सिंगापूरमध्ये जुना सरकारी फ्लॅट विकत घेताना आईवडिलांपासून चार किलोमीटरच्या आत घेतला, तर कुटुंबाला २०,००० सिंगापूर डॉलर अनुदान मिळतं. एकाच घरात राहिलं तर ३०,०००. म्हातारपणाची निम्मी काळजी जवळ राहिल्याने आपोआप घेतली जाते, हे या देशांनी ओळखलं आणि त्यावर पैसा लावला. आपल्याकडे असं काही नाही. आपली सूट आपणच शोधायची आहे, आणि ती घराच्या आकारात सापडते.

ताई, आता वाकडकडे वळू. तुम्ही घराचा आकार आधी ठरवलात, टू बीएचके, आणि मग तो बसेल तिथवर लांब गेलात. मी म्हणतो, अंतर आधी ठरवा आणि मग त्यात बसेल तेवढं घर घ्या. वाकडच्या नव्या मनोऱ्यांकडे पाहूच नका. थेरगाव, काळेवाडी, रहाटणी इथे तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती आहेत आणि त्यात वन बीएचके निघतात. आम्ही रहाटणीत अशाच एका घरात आहोत. तळेगावचा दिवाणखाना इथल्या सगळ्या घराला पुरून उरला असता. पण पाहुण्यांसाठी ठेवलेली दुसरी खोली वर्षातून किती रात्री लागते, ते मोजा. आमच्याकडे अकरा रात्री लागली होती.

जुन्या इमारतीत शिरताना मात्र तीन गोष्टी सोडू नका. या भागात बरंच बांधकाम गुंठेवारीच्या जागांवर झालं आहे, तेव्हा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा. 'सगळ्यांचं असंच आहे' हे उत्तर ऐकून घ्या आणि पुढच्या इमारतीकडे चला. दुसरं, लिफ्ट नसेल तर तळमजला, फार तर पहिला. तिसरं, सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत का ते सेक्रेटरींना विचारा. नाहीतर दोन वर्षांत पुन्हा सामान बांधायची वेळ येईल.

आणि टेप घेऊन जा. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घातले, त्यात दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवं असं आहे. म्हणजे जवळपास तीन फूट, व्हीलचेअर आत जाईल इतकं. बाथरूमचं दार बाहेर उघडावं, आत धरायला दांडी हवी, फरशी न घसरणारी हवी. जुन्या घराला हे नियम लागू नाहीत, पण आपल्या हातातली पट्टी म्हणून चांगले आहेत. जुन्या घरात बाथरूमचं दार बहुधा कमीच भरतं. भिंत फोडून ते रुंद करता येईल का, हे व्यवहाराच्या आधी मिस्त्रीला दाखवून घ्या.

आता मुख्य परीक्षा. नकाशावरच्या अंतरावर विश्वास ठेवू नका. वाकड-ताथवड्याला मुंबई-बंगळूर महामार्गाने मधोमध कापलं आहे. नकाशात आठशे मीटर दिसणारं घर महामार्गापलीकडे असेल, तर भुमकर चौकाच्या भुयारी मार्गातून वळसा आला, आणि संध्याकाळी सहा वाजता तिथे काय होतं ते तुमच्या मुलाला विचारा. मी घरं पाहत होतो तेव्हा दरवेळी स्टीलच्या डब्यात कडकडीत आमटी भरून घ्यायचो, पंच्यात गुंडाळायचो आणि त्या घरापासून मुलीच्या घरापर्यंत चालत जायचो. पहिल्या घरापासून चाळीस मिनिटं लागली, आमटी कोमट. दुसरं घर जवळ होतं, पण वाटेत फुटपाथ नव्हता आणि ट्रक अंगावर येत होते. तिसऱ्या घरापासून बारा मिनिटं. एकच चौक, तिथे सिग्नल. नातीने वाटी तोंडाजवळ नेली, थांबली आणि फुंकर मारली. ते घर आम्ही घेतलं.

पण लगेच नाही. आधी त्याच गल्लीत अकरा महिने भाड्याने राहिलो, कारण वाट पावसाळ्यात आणि रात्री कशी असते ते पाहायचं होतं. पाहायला मिळालंही. श्रावणात रात्री अडीच वाजता हिची साखर उतरली, घाम सुटला, बोलणं अडखळू लागलं. मी साखरेचं पाणी कालवेपर्यंत मुलगी-जावई दारात होते. तळेगावात असतो तर मी फोन केला असता आणि एकटा बसून वाट पाहिली असती.

भाड्याने राहा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या मुलाचं वाकडचं घर स्वतःचं आहे की भाड्याचं, हे पत्रात नाही. भाड्याचं असेल तर तुम्ही विकत घेऊच नका. उद्या तो खराडीला गेला, तर तुम्ही वाकडला एकटे. लिव्ह अँड लायसन्सचा करार करा आणि तो नोंदणी केलेलाच असू द्या. महाराष्ट्रात कायद्याने ती नोंदणी घरमालकाची जबाबदारी आहे. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतोच.

यामुळे पैसे अडकतील किंवा कर बसेल अशी भीती नको. पुढच्या आठवड्यातल्या गणितातलं एक वाक्य आजच देतो : जुनं घर विकल्यावर नवं घर विकत घ्यायला कायदा दोन वर्षं देतो. मधल्या काळात विवरणपत्राच्या मुदतीच्या आत विक्रीतल्या नफ्याची रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायची. म्हणजे एक पावसाळा भाड्याने काढायला सवड आहे. बाकीचं सविस्तर पुढच्या वेळी, आकड्यांसकट. मिरजेच्या सागवानी कपाटाचं काय करायचं, हेही ताईंनी विचारलं आहे. त्याला एक स्वतंत्र भाग लागेल.

तोवर ताई, पुढच्या खेपेला पुण्याला याल तेव्हा एक करा. सुनेच्या स्वयंपाकघरात आमटी करा, डबा भरा आणि नातवाचा हात धरून थेरगावच्या दिशेने चालायला लागा. बारा-पंधरा मिनिटं झाली की थांबा, सावली बघून बसा, डबा उघडा. वाफ आली, तर तिथल्या आजूबाजूच्या इमारतींच्या फाटकांवर 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या शोधा. तुमचं घर तिथेच कुठेतरी आहे.