बाळाभोवती सारे, आईपाशी कोण?

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरून पहाटे तीनच्या सुमारास एक गृहस्थ मला बोलवायला आले. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. मध्यरात्री घरीच सुटका झाली होती. ‘बाळ दूध ओढत नाही, जरा बघायला चला,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते.

बाळाभोवती आजी, मावशी, शेजारणी जमल्या होत्या. बाळ ठणठणीत होते. बाळंतीण मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली. ‘दमलीय, झोपू द्या तिला,’ आजी म्हणाल्या. मी गोधडी बाजूला केली. खालचे पटकूर रक्ताने चिंब भिजले होते. कपाळ घामाने गार, नाडी बारीक आणि फार जलद. पोटाला हात लावला तर गर्भपिशवी मऊ लागली. ती चोळून घट्ट केली, इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि जीपमधून जामखेडला हलविले. तिथे रक्त चढविल्यावर ती वाचली. पण मला बोलावणे आले होते ते बाळासाठी, हे मी आजही विसरलेलो नाही.

आपण बाळंतपणाला ‘सुटका’ म्हणतो. बाळ बाहेर आले की सुटली, अशी आपली समजूत असते. वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. त्यानंतरचे २४ तास, त्यातही पहिले दोन तास, आईच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात.

रक्तस्राव का होतो?

दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. वार सुटून आली की तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भपिशवी आकसून चेंडूसारखी कडक झाली की त्या आपोआप आवळल्या जातात. पिशवी सैल राहिली, वारेचा तुकडा आत राहिला किंवा योनिमार्गाला जखम झाली, तर रक्त थांबत नाही. पहिल्या दिवसात अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाणे हा धोका समजावा. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तर त्याहून कमी रक्तस्रावही झेपत नाही. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली जाऊ देऊ नये आणि लोहाच्या गोळ्या कंटाळून सोडू नयेत, असे आम्ही वारंवार सांगतो ते याचसाठी.

काय पाहावे?

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बाळंतिणीकडे पाहावे. पांघरूण बाजूला करून अंगावरून किती जाते ते बघावे. अर्ध्या तासात दोन-तीन घड्या भिजल्या, मोठ्या गाठी पडल्या, तिला चक्कर आली, ती घामाघूम झाली किंवा हाकेला ओ देईना, तर क्षणभरही थांबू नये. बेंबीच्या आसपास हाताला गर्भपिशवी कडक लागली पाहिजे. मऊ लागली तर गोल चोळावी आणि लगेच नर्सला हाक मारावी. बाळंतिणीला लघवी करायला लावावी, कारण मूत्राशय भरलेले असले तर पिशवी नीट आकसत नाही. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यावे. त्यामुळे पिशवी आकसायला मदत होते आणि बाळाला चीकही मिळतो. वार पडत नाही म्हणून नाळ कधीही ओढू नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्तदाब वाढल्याने येणारे झटके बाळंतपणानंतरही येतात. जोराचे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज ही त्याची पूर्वसूचना असते. त्याला ‘बाहेरचे’ समजून अंगारे-धुपारे करण्यात वेळ घालवू नये. दुसरी गोष्ट तापाची. थंडी वाजून ताप आला, अंगावरून घाण वास येऊ लागला, तर जंतुसंसर्ग झाला असे समजावे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तोच नियम घरच्यांनाही लागू आहे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची चालही सोडावी. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी भरपूर हवे. डिंकाचे लाडू द्यावेत, पण रोजच्या भाकरी-भाजीऐवजी नव्हे.

एवढे लक्ष ठेवायला शिक्षण लागते का? आपल्या जामखेडनेच याचे उत्तर दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले आणि खेड्यातल्या साध्या, पुष्कळदा निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या कामासाठी १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. योग्य गोष्ट पाहायला शिकवले, तर घरची बाईही जीव वाचवू शकते.

आज सोयी वाढल्या आहेत. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८ हा नंबर लावावा. बाळंतपण दवाखान्यातच करावे आणि निदान ४८ तास तिथेच राहावे. घाईने घरी आणू नये. घरी आल्यावर ४२ दिवसांपर्यंत आशाताईंच्या भेटी ठरलेल्या असतात. त्या आल्या की बाळाबरोबर आईचीही चौकशी करायला सांगावे. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर भगिनींनी तपासणीचे कार्ड सोबत ठेवावे आणि पोहोचताच जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे.

२०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. आपण पुढे आहोत खरे, पण ज्या घरची लेक जाते त्या घराला आकडा काय सांगणार?

म्हणून एक साधी गोष्ट करावी. घरात बाळंतपण जवळ आले की आधीच एका बाईला काम नेमून द्यावे. बाळाला पाहायला सगळे असतात. तिने पहिली रात्र फक्त आईकडे पाहायचे.