कामाच्या जागची माणुसकी

परोपकार म्हणजे काम आटोपल्यावर सवड सापडली तर करावयाची गोष्ट, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रविवारी मिस्सा झाल्यावर आजाऱ्याची विचारपूस करावी, सणावाराला गरिबाघरी चार जिन्नस पाठवावेत. मग सोमवारी कचेरीच्या खिडकीमागे बसून अडल्यानडल्या माणसास हेलपाटे घालावयास लावले, तरी मनाला त्याची टोचणी लागत नाही. आम्हीही याला अपवाद नाही. म्हणूनच भोपाळच्या एका रेल्वे अधिकाऱ्याची हकीगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

१९८४ सालच्या २ डिसेंबरची ती रात्र. भोपाळ जंक्शनवर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर रात्रपाळीस होते. स्थानकापासून फारशा दूर नसलेल्या युनियन कार्बाईडच्या कीटकनाशक कारखान्यात एका टाकीत पाणी शिरले आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरू लागला. दस्तगीर फलाटावर आले तो डोळे चुरचुरू लागले, घसा आवळला. काय घडले आहे, हे कोणासच ठाऊक नव्हते. समोर प्रवाशांनी भरलेली एक्सप्रेस गाडी उभी होती आणि तिची सुटण्याची वेळ अद्याप झालेली नव्हती.

रेल्वेचा कारभार नियमांवर चालतो. वरून हुकूम येईपर्यंत स्वस्थ राहिले, म्हणजे मागाहून ठपका येत नाही. किती सोयीची वाट! दस्तगीरांनी ती धरली नाही. सारी जबाबदारी आपल्या शिरावर घेऊन त्यांनी गाडी तत्काळ सोडावयास लावली, आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या रोखाव्यात म्हणून आसपासच्या स्थानकांना निरोप धाडले. त्यांची बायकामुले त्याच शहरात होती. तरीही ते घराकडे धावले नाहीत. फलाटावर कोसळणाऱ्यांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून खटपट करीत तेथेच राहिले. त्या विषाने त्यांचा एक मुलगा नेला, दुसऱ्यास कायमचे त्वचेचे दुखणे जडले.

पण कारखान्यातही माणसेच होती, हे विसरून चालणार नाही. टाकी थंड ठेवणारे यंत्र कित्येक महिने बंद होते. बाहेर पडणारा वायू जाळून टाकण्यासाठी उभारलेला मनोराही त्या रात्री निकामी होता. राजकुमार केसवानी नावाचे तरुण पत्रकार १९८२ पासून आपल्या लेखांतून शहरास सावध करीत होते; ते कोणी मनावर घेतले नाही. शेकडो जीव घ्यावेत, असे सकाळी उठून कोणी ठरविले असेल, असे आम्हास वाटत नाही. एवढा खर्च वाचतो आहे, आजवर काही झाले नाही, उद्या पाहू, इतकेच. सरकारी मोजणीप्रमाणे त्या ‘उद्या पाहू’चे बळी ३,७८७ झाले, आणि ती मोजणी फार अपुरी आहे, असे भोपाळचे लोक आजही सांगतात.

विहिरीवरच्या पंपाची उघडी पडलेली तार ‘आठवड्याभरात गुंडाळू’ म्हणून तशीच ठेवणारे आम्ही कारखान्याच्या त्या कारभाऱ्यांवर कोणत्या तोंडाने दगड मारावा? त्याच पंपावर शेजारच्या मुली घागरी भरावयास येतात. तार गुंडाळण्यास दहा मिनिटे पुरतात. दस्तगीरांना तरी त्या रात्री विचार करावयास किती वेळ मिळाला असेल? गाडी म्हणजे डबे नव्हेत, आतली माणसे आहेत, हे त्यांच्या मनात अगोदरपासून, नित्याच्या साध्या पाळ्यांमधून मुरलेले असले पाहिजे. एरवी अशा घटकेला माणूस नियमाचे पुस्तकच शोधतो.

पुढील वर्षे त्यांनी घशाच्या व श्वासाच्या विकारांशी झगडत काढली. २००३ साली ते वारले. त्या रात्री कामावर असताना मरण पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक भोपाळ स्थानकाच्या पहिल्या फलाटावर आहे. दस्तगीर त्या रात्री वाचले, म्हणून त्यावर त्यांचे नाव नाही.